रोजच्या वाटेवरचा वारसा
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

गेल्या हिवाळ्यांत माझी अकरा वर्षांची पुतणी सुटींत आमच्याकडे राहावयास आली होती. एके दिवशीं सायंकाळीं तिला घेऊन मी ओव्हल मैदानाच्या कडेनें चाललों होतों. एकाएकीं ती थांबली आणि विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याकडे बोट करून म्हणाली, “काका, तीं वर उभीं असलेलीं माणसें कोण?” मीं मान वर केली. खरोखरच मनोऱ्याच्या अंगाखांद्यांवर निरनिराळ्या वेषांचीं दगडी माणसें उभीं होतीं. श्रोतेहो, त्या मनोऱ्यावरून बावीस वर्षें मी कचेरीस जात-येत होतों. त्याच्या घड्याळाकडे पाहून मीं हजार वेळां पावलांचा वेग वाढविला असेल. परंतु त्या घड्याळाच्या सोबतीस माणसें उभीं आहेत, हें मला त्या सायंकाळपर्यंत ठाऊक नव्हतें. मुलीला मीं कांहीं तरी थातुरमातुर उत्तर दिलें. तें तिला पटलें नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें.

त्या ओशाळलेपणामुळेंच पुढच्या रविवारीं आम्ही दोघें एका वारसा-फेरींत सामील झालों. आजकाल तिला सर्रास ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. तिचें स्वरूप अगदीं साधें असतें. पंधरा-वीस माणसें ठरलेल्या वेळीं ठरलेल्या ठिकाणीं जमतात. वास्तुशास्त्राचा किंवा इतिहासाचा अभ्यास केलेला एक मार्गदर्शक त्यांना दीड-दोन तास पायीं फिरवितो आणि जुन्या इमारतींसमोर उभें करून त्यांची हकीकत सांगतो. अहमदाबादेस तेथील महानगरपालिकेनें १९९७ सालीं काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत अशी फेरी सुरू केली. पोळांतून आणि गल्लीबोळांतून जाणाऱ्या या वाटेनें त्या शहराच्या रहिवाशांनाच आपलें शहर नव्यानें दाखविलें, आणि २०१७ सालीं त्या जुन्या शहरास जागतिक वारशाचा मान मिळाला. मुंबईंत आणि पुण्यांतहि आतां अशा फेऱ्या निघतात. तरीहि आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत त्यांच्याविषयीं दोन शंका असतात. पहिली शंका, रोज पाहतों त्या इमारतींत पुन्हां पाहावयाचें तें काय? आणि दुसरी, अधिक गंभीर : ज्या इमारती परक्या राज्यकर्त्यांनीं आपल्या वैभवासाठीं उभारल्या, त्यांना आपण आपला वारसा कां म्हणावें? या दोन्ही शंकांचें उत्तर आमच्या त्या फेरींतच मिळालें. म्हणून ती फेरी आज मी आपणांस सांगणार आहें.

सकाळीं साडेसात वाजतां आम्ही एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर जमलों. रविवारची सकाळ निवडण्याचें कारण उघड आहे. एरवीं ज्या रस्त्यांवर पाय ठेवावयास जागा नसते, ते त्या वेळीं मोकळे असतात आणि रस्त्याच्या मधोमध उभें राहून मान वर करतां येते. आमच्या मार्गदर्शिका वास्तुशास्त्र शिकलेल्या एक तरुण बाई होत्या. त्यांनीं आरंभींच एक प्रश्न विचारला, “आपण उभे आहोंत त्या भागाला काय म्हणतात?” सर्वांनीं एका सुरांत उत्तर दिलें, “फोर्ट.” “मग किल्ला कोठें आहे?” यावर मात्र सर्व स्तब्ध.

किल्ला होता. आपले आजे-पणजे या भागाला ‘कोट’ म्हणत, तें उगाच नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं आपल्या वखारीभोंवतालच्या वस्तीस तटबंदी घातली आणि तिला तीन दरवाजे ठेवले : अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. तटाच्या आंत व्यापार आणि वस्ती इतकी दाटली कीं, हवा खेळेना. पुढें तटाचें लष्करी प्रयोजनहि संपलें. तेव्हां गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, १८६२ सालानंतर, ते तट आणि दरवाजे पाडून टाकण्यांत आले. दगड गेले, परंतु नांवें राहिलीं. लक्षावधि माणसें रोज चर्चगेटचें तिकीट काढतात. त्यांतील चर्च कोणतें आणि गेट कोठलें, हें किती जणांस ठाऊक असेल? तें चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचें सेंट टॉमस कॅथीड्रल, आणि त्या चर्चकडे नेणारा कोटाचा दरवाजा जेथें होता तेथें आज फ्लोरा फाउंटन आहे. तोंडांत रोज घोळणारें नांवसुद्धां एक जुनी वास्तु असते, हा त्या सकाळचा पहिला धडा.

ज्या पायऱ्यांवर आम्ही उभे होतों ती इमारत म्हणजे मुंबईचा जुना टाउन हॉल. कर्नल टॉमस कूपर यांनीं तिचा आराखडा केला आणि १८३३ सालीं ती पुरी झाली. समोरचे ते भव्य खांब ग्रीक मंदिरांच्या धर्तीचे आहेत. येथें १८०४ सालीं स्थापन झालेल्या विद्वत्सभेचा ग्रंथसंग्रह आला आणि त्यांतून आजची एशियाटिक सोसायटी वाढली. आरंभीं या सभेंत हिंदी माणसास प्रवेश नव्हता. १८४० सालीं माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस सभासद करून घेण्यांत आलें तेव्हां तें दार उघडलें. नंतर त्याच दारानें डॉ. भाऊ दाजी लाड आले, न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आले. आंतल्या दालनांत जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचा संगमरवरी पुतळा आहे. इमारत बांधली ती एका हेतूनें, आणि पुढें कामास आली ती दुसऱ्याच हेतूस, असें कितीदां तरी घडतें. राज्यकर्त्यांच्या सभागृहांत शेवटीं धर्मशास्त्राचे आणि शिलालेखांचे अभ्यासक येऊन बसले. इमारतीचें वय मोजतांना तिच्या पायाचा दिवस आपण विचारतों. तिचा उपयोग कोणीं कोणीं केला, हेंहि विचारावें.

पायऱ्या उतरून आम्ही समोरच्या वर्तुळाकार बागेंत आलों. येथें पूर्वीं मोकळें मैदान होतें आणि कापसाच्या गांठी तेथें येऊन पडत. तट पाडण्याच्या त्या काळांत मैदानाच्या कडेनें एकसारख्या कमानींच्या इमारतींचें कडें उभारण्यांत आलें. त्यास प्रथम एल्फिन्स्टन यांचें नांव होतें. स्वातंत्र्यानंतर तें ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे निर्भीड संपादक बी. जी. हॉर्निमन यांच्या नांवानें ओळखूं लागले. त्या कमानींखालून चालतांना ऊन लागत नाहीं आणि पावसाळ्यांत छत्री उघडावी लागत नाहीं. मुंबईच्या हवेचा विचार करून केलेली ही योजना आहे. शोभा तिच्या मागून आली.

जवळच सेंट टॉमस कॅथीड्रल. याची पायाभरणी सतराव्या शतकांत, गव्हर्नर जेराल्ड आंजियर यांच्या कारकीर्दींत झाली. परंतु भिंती अर्धवट उठून काम कित्येक वर्षें तसेंच पडून राहिलें, आणि १७१८ सालच्या नाताळांत तें उपासनेस खुलें झालें. आंत भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत. माझी पुतणी एकेक फलक वाचीत होती आणि बोटांवर वयें मोजीत होती. “काका, हे सगळे किती लहानपणीं मेले!” ती हळूच म्हणाली. समुद्रापार येऊन येथल्या तापानें आणि लढायांनीं अल्प वयांत गेलेलीं हीं माणसें पाहिलीं म्हणजे राज्य, व्यापार इत्यादि मोठ्या शब्दांच्या खालीं किती घरांचे शोक पुरलेले असतात, हें कळतें.

तेथून दहा मिनिटांच्या आंत आम्ही फ्लोरा फाउंटनपाशीं आलों. १८६९ सालीं उभारलेलें हें कारंजें इंग्लंडांतून आणलेल्या पोर्टलंड दगडाचें आहे. वर रोमन पुष्पदेवता उभी आहे; म्हणजे कोठली देवता, कोठला दगड आणि कोठलें गांव! परंतु तिच्या शेजारींच मशाल हातीं घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठीं जीं माणसें गोळीबारांत पडलीं, त्यांचें हें स्मारक. १९५५ सालच्या २१ नोव्हेंबरास याच परिसरांत गोळीबार झाला होता, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. तेव्हांपासून या चौकास दोन नांवें आहेत, आणि लोक दोन्ही नांवें वापरतात. मार्गदर्शक बाई येथें फार थोडें बोलल्या. आमच्यांतील दोन-तीन वृद्ध गृहस्थांनीं मात्र आपण होऊन टोप्या काढल्या आणि क्षणभर उभे राहिले. एकाच चौकांत दोन काळ एकमेकांस न खोडतां नांदतात, हें मला त्या वेळीं प्रथमच जाणवलें.

यापुढचा टप्पा मनास क्लेश देणारा होता. महात्मा गांधी मार्गानें काळा घोडाकडे जातांना एक मोठी, खंगलेली इमारत लागते. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. पूर्वीं तें वॉटसनचें हॉटेल होतें. १८६० च्या दशकांत हिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत ओतून, त्याचे भाग जहाजांतून येथें आणून जोडण्यांत आले. ओतीव लोखंडाच्या उघड्या सांगाड्यावर उभी राहिलेली इतकी जुनी इमारत जगांत विरळा. येथेंच ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईकरांस प्रथम दाखविण्यांत आलीं. म्हणजे आपल्या देशांतील सिनेमाची जन्मकथा या दारापासून सुरू होते. पुढें हॉटेल बंद पडलें, दालनांचे लहान लहान गाळे झाले, त्यांत वकिलांच्या कचेऱ्या आणि बिऱ्हाडें आलीं. १९४७ च्या कायद्यानें मुंबईंतील भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. गरीब भाडेकरूंस त्यानें आसरा दिला हें खरें. परंतु वर्षें लोटलीं, महागाई वाढली, आणि त्या भाड्यांत जुन्या इमारतींची डागडुजी होणें अशक्य झालें. छत गळूं लागलें, सज्जे कोसळूं लागले. शेवटीं २०१९ सालीं ही इमारत धोकादायक म्हणून रिकामी करण्यांत आली. हा रोग अमुक एका दुष्ट माणसाचा नव्हे. जिची जबाबदारी सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नाहीं, असें झालें म्हणजे लोखंडसुद्धां झिजतें.

येथेंच आमच्या मंडळींतील पंचाहत्तरी उलटलेले एक गृहस्थ, जे इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, “अहो बाई, रागावूं नका, पण मला एक सांगा. साहेबानें आपल्या डौलासाठीं बांधलें, आपल्या माणसांच्या पैशानें बांधलें. तें पडलें तर आपण कां रडावें?” आम्ही सर्व जरा अवघडलों. परंतु बाई शांतपणें म्हणाल्या, “आजोबा, प्रश्न रास्त आहे. पांच मिनिटें चालूं या. मग उत्तर देतें.”

आणि त्यांनीं आम्हांस मागच्या बाजूस, विद्यापीठासमोर, त्याच राजाबाई मनोऱ्याच्या पायथ्याशीं नेलें.

मनोऱ्याची हकीकत अशी. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना. म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. त्या पुरांत सर्वांत वर तरंगणारे व्यापारी म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांनीं १८६४ सालीं विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या आईचें नांव देण्यास सांगितलें. त्यांच्या मातोश्री अंध होत्या व सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचा जैनांचा नियम पाळतां यावा म्हणून त्यांना घंटानादानें वेळ कळावी, असा हेतु होता अशी एक आख्यायिका सांगतात. युद्ध संपलें, भाव कोसळले आणि १८६५ सालीं मुंबईंतील पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. स्वतः प्रेमचंदहि त्या तडाख्यांत सांपडले. कागदावरची संपत्ति गेली. दान दिलेली तेवढी राहिली, आणि ती आज दोनशें ऐंशी फूट उंच उभी आहे. १८६९ सालीं पाया घातला, १८७८ सालीं काम पुरें झालें. आराखडा इंग्लंडांतील प्रख्यात वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. परंतु त्यांनीं हिंदुस्थानांत कधीं पाऊलहि टाकलें नाहीं.

“तर मग,” बाई म्हणाल्या, “लंडनहून आलेल्या त्या कागदाचा मनोरा कोणीं केला? वर पाहा.” आणि त्यांनीं माझ्या पुतणीच्या त्याच दगडी माणसांकडे बोट केलें. तीं माणसें म्हणजे पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे. त्यांचे नमुने घडविले रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांनीं. ते या कामावर साहाय्यक इंजिनियर होते. गॉथिक पद्धतीच्या मनोऱ्यांवर युरोपांत ख्रिस्ती संतांच्या मूर्ति बसवितात. येथें त्या जागीं आपल्या बाजारांतले, आपल्या गांवांतले लोक जाऊन उभे राहिले. “आजोबा, पैसा आपल्या व्यापाऱ्याचा. तो आला कापसांतून, म्हणजे आपल्या काळ्या मातींतून. दगड आपल्या खाणींतला आणि हात आपल्या पाथरवटांचे. साहेबाचा कागद आणि साहेबाचा हुकूम, तोहि खरा; तो लपविण्याचें कारण नाहीं. पण एवढ्यावरून सबंध मनोरा त्यालाच देऊन टाकावयाचा कां?”

वृद्ध गृहस्थ बराच वेळ वर पाहत राहिले. त्यांनीं होकार दिला नाहीं, नकारहि दिला नाहीं. “हें आम्हांला शाळेंत कोणीं सांगितलें नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

मला वाटतें, त्या दुसऱ्या शंकेचें खरें उत्तर हेंच होय. बोरीबंदरचें स्थानक घ्या. १८८८ सालीं पुरें झालेलें तें काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या नांवावर आहे आणि असावें; परंतु सीताराम खंडेराव हे तेथें साहाय्यक इंजिनियर होते आणि कोरीव कामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते, हें किती प्रवाशांस ठाऊक आहे? त्या स्थानकाच्या दर्शनी भागावर रेल्वे कंपनीच्या आद्य संचालकांच्या ज्या प्रतिमा आहेत, त्यांत नाना शंकरशेट आहेत. आपलें श्रेय आपणच विसरलों, आणि विसरल्यावर मग ‘हें परक्यांचें’ असें म्हणून मोकळे झालों. वारसा-फेरीचा मोठा उपयोग असा कीं ती वैभव दाखवितां दाखवितां हिशेबहि मांडते : पैसा कोणाचा, कल्पना कोणाची, घाम कोणाचा.

आतां थोडें दगडांविषयीं. इमारत पाहावयाची म्हणजे प्रथम तिचा दगड ओळखावा. मुंबईच्या जुन्या इमारतींत मुख्यतः तीन प्रकारचे दगड दिसतात. एक आपला सह्याद्रीचा काळसर निळा दगड. तो अतिशय कठीण, ऊन-पाऊस सोसणारा, परंतु नाजूक नक्षीस अवघड. दुसरा मालाड-कुर्ल्याकडील खाणींचा पिवळसर दगड. त्याच्या योगानें भिंतीस उबदार रंग येतो. म्युझियमच्या इमारतींत कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळा असे दोन्ही शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. तिसरा पोरबंदरहून समुद्रमार्गें येणारा चुनखडीचा फिकट दगड. तो मऊ, पानें, फुलें, पक्षी त्यांत हव्या तशा बारीक कोरतां येतात. परंतु जें कोरण्यास मऊ तें झिजण्यासहि मऊ, आणि समुद्राची खारी हवा तें हळूहळू खाते. हे सगळे दगड चुन्यांत बसविलेले आहेत. चुना ओलावा शोषतो आणि बाहेर सोडतो, म्हणजे भिंत श्वास घेते. अशा भिंतीस कोणीं सिमेंटचा गिलावा केला तर ओल आंत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चांगल्या हेतूनें केलेल्या अडाणी दुरुस्तीनें कित्येकदां दुर्लक्षापेक्षां अधिक नासाडी होते. राजाबाई मनोऱ्याची दुरुस्ती मात्र जाणत्या हातांनीं झाली. तिच्यांत रंगीत कांचांच्या खिडक्याहि उजळण्यांत आल्या, आणि २०१५ सालीं तें काम पुरें झालें.

विद्यापीठाच्या शेजारीं उच्च न्यायालय. कर्नल फुलर यांचा हा आराखडा, तोहि १८७८ सालींच पुरा झाला. त्याच्या आंतील एका खांबावर एक माकड कोरलेलें आहे : हातीं तराजू, आणि एका डोळ्यावर पट्टी. न्यायदेवतेचे दोन्ही डोळे बांधलेले असतात. या न्यायमूर्तींचा एक डोळा उघडा! एका कंत्राटदारानें दावा हरल्याच्या रागानें तें कोरविलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. बाईंनीं ती रंगवून सांगितली आणि लगेच म्हणाल्या, “माकड खरें, गोष्ट ऐकीव.” चांगला मार्गदर्शक ओळखण्याची ही खूण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आख्यायिका तो जरूर सांगतो, परंतु तिला दप्तरांतल्या नोंदीच्या पंक्तीस बसवीत नाहीं.

शेवटीं आम्ही ओव्हल मैदानांत आलों. या मैदानाच्या पूर्वेस दगडी मनोऱ्यांची रांग, आणि पश्चिमेस १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत उठलेल्या गृहमालिका. हे दगडी मनोरे बांधले तेव्हां त्यांच्यासमोर उघडा समुद्र होता. पुढें समुद्र हटवून जमीन केली, आणि तिच्यावर सिमेंट-काँक्रीटच्या नव्या युगाच्या इमारती आल्या. वळणदार कोपरे, खिडक्यांवर भुंवयांसारखे आडवे छज्जे, जहाजावरच्यासारखे गोल झरोके : या शैलीस ‘आर्ट डेको’ म्हणतात. चर्चगेटसमोरचें १९३८ चें ईरॉस चित्रपटगृह त्याच कुळांतलें. त्याचे वास्तुशिल्पी सोराबजी भेडवार. येथें इतिहासाचा कांटा किंचित् फिरलेला दिसतो. समोरच्या बाजूस आपलीं माणसें साहाय्यक होतीं. या बाजूस तींच मालक आणि वास्तुशिल्पी झालीं. मधल्या मैदानांत मुलें क्रिकेट खेळत होतीं. या दोन्ही रांगा मिळून ९४ इमारतींच्या समूहास २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. बोरीबंदरचें स्थानक, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, त्यापूर्वीं २००४ सालींच त्या यादींत गेलें होतें.

यादींत नांव आलें म्हणजे इमारत वांचली, असें मात्र समजूं नये. १९९५ सालीं बृहन्मुंबईसाठीं वारसा-इमारतींची नियमावली झाली. कोणत्याहि हिंदी शहरासाठीं झालेली अशी ही पहिलीच. तिच्या अन्वयें इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या आणि परवानगीवांचून त्या पाडण्यास वा बदलण्यास बंदी आली. परंतु कायदा पाडणाऱ्याचा हात धरूं शकतो. गळणारें छत धरूं शकत नाहीं. त्यासाठीं लक्ष लागतें, आणि लक्ष आपुलकीवांचून लागत नाहीं. ज्या इमारतीची गोष्ट शेंदोनशें घरांत ठाऊक आहे, तिचा एखादा कठडा तुटला तर दुसऱ्या दिवशीं कोणी तरी विचारावयास जातो. जिची गोष्ट कोणासच ठाऊक नाहीं, ती एका रात्रींत नाहींशी झाली तरी सकाळीं लोक तिच्या जागेवरून मुकाट्यानें कचेरीस जातात. मी स्वतःच बावीस वर्षें तसा गेलों आहें.

म्हणून श्रोत्यांस माझी विनंती अशी आहे कीं, आपल्या गांवीं अशी फेरी निघत असेल तर एकदां तींत जरूर सामील व्हावें. तयारी फार लागत नाहीं. चालण्याच्या वहाणा किंवा बूट, पाण्याची बाटली, डोक्यास टोपी, आणि शक्य असल्यास एक लहानशी दुर्बीण. कारण उत्तम कोरीव काम नेहमीं वरच्या मजल्यांवर असतें. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. न्यायालयें, प्रार्थनामंदिरें, ग्रंथालयें यांचे आपापले नियम असतात; ते पाळावे, आणि छायाचित्रें घेण्यापूर्वीं विचारावें. घोळक्यानें पदपथ अडवूं नये. आपण पाहावयास आलेलों असलों तरी इतरांस कामावर जावयाचें असतें. एका फेरींत सर्व शहर पाहण्याचा हव्यास धरूं नये. सहा-सात इमारती नीट पाहिल्या तरी पुष्कळ झालें. मुलांस बरोबर अवश्य न्यावें. आपणांस जे प्रश्न विचारावयास संकोच वाटतो ते मुलें सहज विचारतात. आणि घरीं आल्यावर त्याच रस्त्यानें पुन्हां एकदां, मार्गदर्शकावांचून, एकट्यानें फिरून यावें. पहिल्या वेळीं आपण ऐकतों. दुसऱ्या वेळीं पाहतों.

जेथें अशी फेरी निघत नसेल, तेथें ती आपणच कां काढूं नये? प्रत्येक जुन्या पेठेंत एखादा वाडा, एखादी विहीर, चौकटीवर साल कोरलेली एखादी शाळा असतेच. तिच्याविषयीं सांगूं शकणारें एखादें वृद्ध माणूसहि अजून असतें. तें माणूस आहे तोंवर विचारून घ्यावें.

माझी पुतणी सुटी संपवून परत गेली, त्याला आतां कांहीं महिने झाले. मागच्या आठवड्यांत तिचें पत्र आलें. तिच्या घराजवळच्या चौकांत एक जुनें दगडी कारंजें आहे. त्याच्यावर कांहीं अक्षरें आहेत, तीं शेवाळानें झांकलीं आहेत आणि शाळेंत कोणालाच तीं वाचतां येत नाहींत, असें तिनें लिहिलें आहे. शेवटीं एक ओळ आहे : “काका, तुम्ही आलांत म्हणजे आपण दोघें मिळून तें धुवूं.” चुन्याच्या आणि दगडाच्या गोष्टी ऐकल्यापासून नुसत्या पाण्यानें आणि मऊ फडक्यानेंच धुवावयाचें, हें तिला सांगण्याची आतां गरज नाहीं. मीं येत्या सुटींत येण्याचें कबूल केलें आहे. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.